सरकारवर टीका करताना : हक्क, कागदपत्रे आणि मार्ग

सरकारच्या निर्णयावर टीका करण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. तरीही गावातल्या रस्त्याच्या कामाबद्दल चार ओळी लिहून झाल्यावर त्या सर्वांसमोर ठेवताना हात आखडतो. ही भीती अगदीच निराधार नसते, पण ती बहुधा भलत्याच ठिकाणी असते. ज्या वाक्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे ते वाक्य माणसे गाळून टाकतात, आणि ज्या एका शब्दामुळे खरोखर खटला उभा राहू शकतो तो शब्द रागाच्या भरात तसाच राहू देतात. पुढील मजकूर महाराष्ट्रातल्या सामान्य नागरिकासाठी आहे. टीकेचा हक्क कुठून येतो, तो कुठे संपतो, टीकेला पुरावा कसा मिळवावा, ती कुठे मांडावी आणि पोलीस ठाण्यातून बोलावणे आलेच तर काय करावे, हे त्यात क्रमाने सांगितले आहे.

आधी हक्काची हद्द ओळखावी

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यावर निर्बंध घालता येतात, पण ते कायद्याने घातलेले आणि वाजवी असावे लागतात, आणि त्यांची कारणे अनुच्छेद १९(२) मध्ये मोजून दिलेली आहेत : भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. ही यादी एकदा सावकाश वाचावी, कारण तिच्यात जे नाही तेही महत्त्वाचे आहे. सरकारची नाराजी, मंत्र्याची प्रतिमा, विभागाची अडचण, योजनेची बदनामी यांपैकी एकही कारण तिच्यात नाही.

राजद्रोहाच्या कलमाची धास्ती अजूनही अनेकांच्या मनात आहे, आणि महाराष्ट्रात ती असणे स्वाभाविकही आहे. याच कलमाखाली १८९७ मध्ये टिळकांना दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कलमातल्या ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ सरकारविषयी प्रेमाचा अभाव, असा ज्युरीला सांगितला होता. तो अर्थ स्वतंत्र भारतात टिकला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात असे ठरवले की सरकारच्या धोरणांवर कितीही कडक शब्दांत टीका केली तरी, त्यात हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजवण्याचा कल नसेल, तर तो राजद्रोह होत नाही. पुढे ११ मे २०२२ रोजी न्यायालयाने हे कलमच स्थगित ठेवले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते त्या नावाने राहिले नाही. त्याच्या जागी आलेले कलम १५२ फुटीरता, सशस्त्र बंड, विध्वंसक कृत्ये आणि देशाच्या सार्वभौमतेला व एकात्मतेला धोका यांविषयी आहे. त्याची शब्दरचना काही ठिकाणी सैल आहे आणि तिच्यावर आक्षेपही घेतले गेले आहेत. तरी त्याच कलमाखाली जोडलेल्या स्पष्टीकरणात सरकारी उपाययोजनांबद्दल नापसंती व्यक्त करून त्या कायदेशीर मार्गाने बदलून घेण्याचा प्रयत्न करणे हा अपराध नाही, असे नमूद आहे. आपल्या लेखात किंवा भाषणात ‘हा निर्णय मागे घ्यावा’, ‘याची चौकशी व्हावी’ अशी स्पष्ट मागणी असावी, असा सल्ला दिला जातो तो यामुळेच. मागणी लिहिली की हेतू कागदावर येतो.

हा हक्क प्रत्यक्षात किती दूरवर पोहोचतो हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्रकरणावरून समजते. तिथल्या एका महाविद्यालयातील प्राध्यापकाने व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर अनुच्छेद ३७० रद्द झाल्याचा दिवस, ५ ऑगस्ट, हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचे लिहिले आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले पोलिसांनी दोन गटांत वैमनस्य पसरवल्याचा गुन्हा नोंदवला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. पण ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि ३७० रद्द करण्याच्या निर्णयावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे, असे म्हटले. एखाद्या मजकुराचा परिणाम जोखताना मोजमाप कोणाच्या मनाचे लावायचे, हा प्रश्नही न्यायालयाने तिथे सोडवला. सतत डळमळणाऱ्या, प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या माणसाच्या मनाचे नव्हे, तर विवेकी, खंबीर आणि धीट माणसाच्या मनाचे मोजमाप लावावे, ही कसोटी त्या निकालात वापरली गेली. ती मूळची नागपूर उच्च न्यायालयाची, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४० च्या दशकात घालून दिलेली आहे.

वस्तुस्थिती, मत आणि हेतूचा आरोप वेगळे करावेत

टीका म्हणून जे लिहिले जाते त्यात तीन प्रकारची वाक्ये मिसळलेली असतात, आणि कायदा त्या तिन्हींकडे सारख्या नजरेने पाहत नाही. पहिले वाक्य वस्तुस्थितीचे : रस्ता जूनमध्ये पूर्ण झाला आणि ऑगस्टमध्ये उखडला. हे खरे तरी असते किंवा खोटे तरी, आणि खरे असल्याचे दाखवण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येऊ शकते. दुसरे वाक्य मताचे : हे काम लाजिरवाणे आहे, या विभागाला जनतेच्या पैशाची किंमत नाही. मत कठोर, उपरोधिक, अतिशयोक्त असू शकते. ते सिद्ध करावे लागत नाही, मात्र ज्या वस्तुस्थितीवर ते उभे आहे ती सोबत दिसली पाहिजे. तिसरे वाक्य हेतूचे : अमुक अभियंत्याने पैसे घेऊन देयके मंजूर केली. या तिसऱ्या प्रकाराने माणसे अडचणीत येतात, कारण हा एका विशिष्ट व्यक्तीवर केलेला गुन्ह्याचा आरोप असतो आणि तो सिद्ध करण्याइतका पुरावा सामान्य नागरिकाच्या हाती जवळजवळ कधीच नसतो.

अब्रुनुकसानीचे कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ वे आहे. त्याच्या दहा अपवादांपैकी पहिले तीन प्रत्येकाने माहीत करून घ्यावेत : जे खरे आहे आणि सांगणे लोकहिताचे आहे ते, लोकसेवकाच्या सार्वजनिक कर्तव्यातील वर्तनाबद्दल सद्भावनेने व्यक्त केलेले मत, आणि कोणत्याही सार्वजनिक प्रश्नाबाबत एखाद्याच्या वर्तनाबद्दल सद्भावनेने व्यक्त केलेले मत. इथे सद्भावना म्हणजे मनाचा चांगुलपणा नव्हे. पुरेशी काळजी व लक्ष देऊन केलेली गोष्टच कायद्याच्या लेखी सद्भावनेने केलेली ठरते. म्हणजे छापण्यापूर्वी आपण काय तपासले, कोणाला विचारले, याची नोंद हाच पुढे बचाव ठरतो. आणखी एक गोष्ट लोकांना सहसा ठाऊक नसते : अब्रुनुकसानी हा अदखलपात्र अपराध आहे, त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी पोलीस परस्पर गुन्हा नोंदवून अटक करू शकत नाहीत. शिवाय सरकार, महानगरपालिका यांसारख्या संस्थांना स्वतःच्या बदनामीबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही, आणि अधिकाऱ्यालाही त्याच्या शासकीय कामावरील टीकेबद्दल तसा दावा तेव्हाच चालवता येतो जेव्हा मजकूर खोटा असून सत्याची बेफिकीर उपेक्षा करून लिहिला गेला असेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सांगितले आहे. मात्र फौजदारी अब्रुनुकसानीचे कलम वैध असल्याचेही याच न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवले आहे, हे विसरून चालणार नाही.

पुराव्याची काळजी न घेतल्यास काय होते याचा एक जुना मराठी धडा १८८२ चा आहे. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या कारभारावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कडक टीका केली आणि तिला आधार म्हणून काही पत्रे घेतली. ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांचा कळवळा खरा होता, कोल्हापूरच्या तरुण महाराजांच्या हालांविषयीची चिंता साऱ्या महाराष्ट्राला होती, आणि तरीही खटला हरला तो कागदांवर. आज व्हॉट्सॲपवरून फिरत आलेले ‘गोपनीय पत्र’ पुढे ढकलताना हा प्रसंग आठवावा. जावक क्रमांक, दिनांक, सही आणि मूळ कार्यालयातील नोंद यांची खातरजमा होईपर्यंत असे पत्र पुरावा म्हणून वापरू नये.

आता उदाहरण घेऊ. ‘आमदार आणि इंजिनिअर दोघेही चोर, रस्त्याचे पैसे खाल्ले, यांना चौकात गाठून बडवले पाहिजे.’ या एका ओळीत सिद्ध न करता येणारा आरोप आणि मारहाणीची चिथावणी या दोन्ही गोष्टी आल्या, आणि रस्त्याबद्दल मात्र काहीच कळले नाही. हाच राग असा लिहिता येतो : ‘या रस्त्याचे काम जूनमध्ये पूर्ण झाल्याचे कार्यालयाच्या नोंदीत आहे. पहिल्याच पावसात डांबर निघून गेले. छायाचित्रे सोबत आहेत. मोजमाप पुस्तिकेत थराची जाडी अमुक मिलिमीटर नोंदली आहे, प्रत्यक्षात ती निम्मीही दिसत नाही. अशा कामाची देयके कशी मंजूर झाली, याचे उत्तर कार्यकारी अभियंत्यांनी द्यावे. दोषदायित्वाचा (ठेकेदाराने दोष दुरुस्त करून देण्याचा) कालावधी संपलेला नसल्याने ठेकेदाराकडून स्वखर्चाने दुरुस्ती करून घ्यावी आणि गुणनियंत्रण शाखेकडून चौकशी करावी. जनतेच्या पैशाची ही उधळपट्टी निर्लज्ज आहे.’ शेवटचे वाक्य मुद्दाम ठेवले आहे. कडक शब्द काढून टाकणे हा या सगळ्याचा उद्देश नाही; संबंधित कार्यालयाला उत्तर देणे अवघड जाते ते आधीच्या सहा वाक्यांमुळे, आणि शेवटच्या वाक्याचा हक्क त्या सहा वाक्यांनी कमावलेला आहे.

जात, धर्म, भाषा किंवा प्रांत यांवरून एखाद्या समूहाला त्या कारभाराशी जोडण्याचा मोह मात्र पूर्णपणे टाळावा. ठेकेदार कोणत्या समाजाचा आहे, याचा डांबराच्या जाडीशी संबंध नाही. असे एक वाक्य आले की सरकारवरील टीका न्याय संहितेतील समूहांमधील वैमनस्याच्या कलम १९६ कडे सरकते आणि मूळ प्रश्न बाजूलाच पडतो. अधिकाऱ्याचे कुटुंब, घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक यांनाही अशा मजकुरात जागा नाही.

कागदपत्रे कशी मिळवावीत

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हे या कामातले मुख्य साधन आहे आणि त्याच्या वापरात बारकावे फार आहेत. अर्ज साध्या कागदावर, संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. शुल्क १० रुपये, जे कोर्ट फी स्टॅम्प लावूनही भरता येते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसावा. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन अर्जदारावर नाही, आणि विचारले तरी सांगू नये. माहिती ३० दिवसांत मिळाली पाहिजे. न मिळाल्यास किंवा अपुरी मिळाल्यास ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. दुसरे अपील सुनावणीस येईपर्यंत बराच काळ जातो, म्हणून पहिलाच अर्ज असा लिहावा की तो फेटाळण्याला निमित्त उरू नये.

अर्ज फसतो तो बहुधा प्रश्नामुळे. ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ असे विचारले की उत्तर येते, ‘प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’, आणि ते उत्तर कायद्याला धरूनच असते, कारण हा कायदा कार्यालयाच्या ताब्यात असलेला अभिलेख देतो, स्पष्टीकरण देत नाही. म्हणून कागदाचे नाव घेऊन मागावे : अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा व करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, साहित्य चाचणीचे अहवाल, अदा केलेल्या देयकांच्या प्रती, काम पूर्णत्वाचा दाखला. कालावधी आणि कामाचे नेमके नाव लिहावे. या कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये अभिलेखांची व कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. फारच थोडे लोक तो वापरतात. उखडलेल्या रस्त्यातील खडी-डांबराचा प्रमाणित नमुना मागणारा अर्ज कार्यालयात जितकी धावपळ उडवतो तितकी दहा निवेदने उडवत नाहीत.

अर्ज करण्याआधी दोन सोप्या गोष्टी कराव्यात. कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करायची माहिती संकेतस्थळावर आहे का ते पाहावे, आणि शासन निर्णय शोधावा. राज्याच्या संकेतस्थळावर विभागवार शासन निर्णय मोफत उपलब्ध असतात आणि अनेकदा निम्मे उत्तर तिथेच मिळते. शिवाय राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकाने जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्याची सोय करण्यास सांगितले आहे. परिपत्रकाची प्रत सोबत न्यावी. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही.

टीका कुठे मांडावी

नोंद होते अशा ठिकाणी केलेली टीका जास्त काळ टिकते. गावात ते ठिकाण ग्रामसभा. वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे, आणि गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती पुरते. आपला विषय आधीच लेखी देऊन विषयपत्रिकेत घेण्यास सांगावे, सभेत बोलताना मुद्दा थोडक्यात मांडावा आणि तो कार्यवृत्तात लिहिला जाईपर्यंत जागचे हलू नये; नंतर कार्यवृत्ताची प्रत मागावी. सभेत दणाणून बोललेले पण वहीत न उतरलेले भाषण पुढच्या तारखेला कोणाच्याही उपयोगाचे नसते.

शहरात हरकती व सूचना हा मार्ग दुर्लक्षित राहतो. विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नागरिकांकडून ठरावीक मुदतीत हरकती मागवल्या जातात आणि हरकत घेणाऱ्यास सुनावणी मिळते. ती मुदत गेल्यावर केलेला आरडाओरडा कितीही न्याय्य असला तरी प्रक्रियेच्या बाहेर पडतो. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात विहित नमुन्यात आगाऊ अर्ज देऊन तक्रार मांडता येते, मात्र न्यायप्रविष्ट आणि सेवाविषयक प्रकरणे तिथे घेतली जात नाहीत. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरील तक्रारीला मिळणारा क्रमांक जपून ठेवावा. या सर्व ठिकाणी मिळालेली पोच हीच पुढच्या लेखाची किंवा याचिकेची सुरुवात असते.

रस्त्यावर उतरायचे असेल तर

शांततापूर्ण निदर्शने हा अभिव्यक्तीचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ पासून मानले आहे. शस्त्राविना शांततेने जमण्याचा हक्क अनुच्छेद १९(१)(ख) देतो, पण जागा, वेळ आणि मार्ग यांचे नियमन पोलीस करू शकतात. महाराष्ट्रात अडचण येते ती बहुधा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेशामुळे. आपण ‘जमावबंदी’ म्हणून ऐकतो तो अनेकदा हाच आदेश असतो आणि राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय तो १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे आदेशाची प्रत मागून त्यावरील तारखा पाहाव्यात. पूर्वसूचनेचे पत्र पोलीस ठाण्यात लेखी द्यावे, पोच घ्यावी, संयोजकांची नावे, अंदाजे संख्या आणि वेळ लिहावी. परवानगी नाकारल्यास ती लेखी आणि कारणांसह मागावी, कारण न्यायालयात आव्हान द्यायचे असल्यास हाच कागद लागतो.

असे आव्हान निष्फळ ठरते असे समजू नये. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध बेमुदत धरणे धरू इच्छिणाऱ्यांना कलम ३७ च्या आदेशाचा आधार देऊन परवानगी नाकारली गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो आदेश रद्द केला आणि एका कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून कोणाला देशद्रोही म्हणता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील शाहीनबाग प्रकरणात सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवून ठेवता येणार नाही, असेही सांगितले. संयोजकांनी दोन्ही निकाल एकत्र वाचावेत. ध्वनिक्षेपकाची वेळ रात्री १० ला संपते. एवढ्याशा कारणावरून गुन्हा ओढवून घेण्यात शहाणपणा नाही.

भाषण स्वतः पूर्ण ध्वनिमुद्रित करावे. १९१६ मध्ये टिळकांनी बेळगाव आणि अहमदनगर येथे स्वराज्याविषयी दिलेल्या भाषणांवरून त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला होता. उच्च न्यायालयात त्यांची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली, आणि सुटी वाक्ये न उचलता भाषण सबंध वाचले पाहिजे, या भूमिकेतून न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आज तीस सेकंदांची चित्रफीत कापून पसरवली जाते, तेव्हा सबंध भाषण आपल्याजवळ असणे १९१६ पेक्षाही अधिक गरजेचे आहे.

समाजमाध्यमांवर लिहिताना

नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद असण्याबद्दल फेसबुकवर मत लिहिल्यावरून आणि त्याला पसंती दिल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेत २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा करणारे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयात रद्द झाले, आणि चर्चा, पुरस्कार व चिथावणी या तीन पायऱ्यांपैकी पहिल्या दोन, कितीही अप्रिय असल्या तरी, संरक्षित आहेत, असे न्यायालयाने म्हटले. आजही कोणी ६६अ चा धाक दाखवला तर ते कलम अस्तित्वात नाही, हे शांतपणे सांगावे. केंद्र सरकारच्या कामाविषयीचा मजकूर खरा की खोटा हे ठरवणारा सरकारी तथ्य-तपासणी कक्ष उभारण्याची २०२३ ची तरतूदही मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. समूहाचा ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्या सदस्याच्या मजकुराला जबाबदार ठरत नाही, असा नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे. तरी खोटी किंवा भडकाऊ गोष्ट डोळ्यांसमोर असताना ती पुढे ढकलणाऱ्याला हा निकाल वाचवणार नाही. व्यंगचित्र आणि विडंबन यांनाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, पण छेडछाड केलेले छायाचित्र खरे म्हणून दाखवणे हे विडंबनात मोडत नाही.

ज्यांनी अधिक जपून लिहावे

शासकीय कर्मचाऱ्यांवर वर्तणूक नियमांचे वेगळे बंधन आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास मनाई करतात आणि समाजमाध्यमांवरील मजकूरही त्यातून सुटत नाही. मुद्दा न्यायालयाच्या निकालाचा असेल तर निकालावर वाजवी टीका करता येते, परंतु न्यायाधीशांवर हेतूचा आरोप करणे अवमानाकडे जाते. अनुच्छेद १९ केवळ नागरिकांसाठी आहे, ही बाब परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींच्या लक्षात अनेकदा येत नाही. ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड असले तरी भाषणस्वातंत्र्याचा हा मूलभूत हक्क त्यांना मागता येत नाही, आणि ते कार्ड रद्द करण्याची तरतूदही कायद्यात आहे. त्यांनी लिहूच नये असे नव्हे, पण आपण कोणत्या जमिनीवर उभे आहोत हे जाणून लिहावे.

पोलीस ठाण्यातून बोलावणे आले तर

‘साहेबांनी बोलावले आहे, येऊन जा’ एवढ्या दूरध्वनीवर धावत जाऊ नये. नम्रपणे लेखी नोटीस मागावी. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या अपराधांत अटक आवश्यक नसेल तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते, आणि ती केवळ व्हॉट्सॲपवरून बजावणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बजावले आहे. अशी रीतसर नोटीस मिळाल्यावर मात्र हजर राहणे टाळू नये, कारण गैरहजेरी हेच अटकेचे कारण बनते. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते.

बोलणे किंवा लिहिणे एवढ्यावरून गुन्हा नोंदवण्यापूर्वी पोलिसांनी काय करावे, हे राज्यसभेतील महाराष्ट्राचे खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरून गुजरातमध्ये नोंदलेल्या प्रकरणात २८ मार्च २०२५ रोजी स्पष्ट झाले. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या अपराधांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि अभिव्यक्तीशी संबंधित तक्रारींत या तरतुदीचा वापर करणे उचित ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. आपल्या जबाबात या निकालाचा उल्लेख करण्यास वकिलाला सांगावे.

घाबरून मूळ मजकूर पुसून टाकू नये. तो तारीख-वेळेसह जतन करावा, कारण पुसल्याने पुरावा नष्ट केल्याचा संशय येतो आणि आपला संदर्भही आपणच गमावतो. मोबाइल जप्त केल्यास पंचनाम्याची प्रत आणि उपकरणाच्या हॅश मूल्याची (आतील माहिती नंतर बदललेली नाही हे पडताळण्याच्या सांकेतिक क्रमांकाची) नोंद मागावी. प्रथम खबरी अहवाल सर्वसाधारणपणे २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यायला हवा. अटक झालीच तर कारणे लेखी मिळणे, वकिलाशी बोलणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाणे हे हक्क आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अपवादात्मक परिस्थितीशिवाय अटक करता येत नाही. गुन्हा मुळातच बनत नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५२८ आणि संविधानाचा अनुच्छेद २२६ खाली तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जावे. त्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर ही पीठे होतीच. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झाल्याने कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील लोकांची मुंबईची फेरी वाचली आहे.

प्रकरण निवळले असे वाटले तरी फाइल रद्दीत घालू नये. लेखी बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत एक वर्षाची असली तरी फौजदारी अब्रुनुकसानीची तक्रार तीन वर्षांपर्यंत दाखल होऊ शकते. तेव्हा छायाचित्रांच्या मूळ फाइली, माहिती अधिकारातील उत्तरे, पोचपावत्या आणि प्रसिद्ध केलेल्या मजकुराची प्रत निदान तेवढा काळ एकत्र ठेवावी.